सव्वीस वर्षं मरणारा माणूस

आमचे हे गेली सव्वीस वर्षं मरताहेत. आजारी नाहीत, तब्येत ठणठणीत आहे. दोन्ही वेळा नीट जेवतात, सकाळी तासभर चालून येतात, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सुटल्याशिवाय आंघोळीला जात नाहीत. मरणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम आहे.

समजावून सांगते, कारण पहिल्यांदा ऐकणारा माणूस माझ्याकडे संशयाने बघतो. परभाषेतल्या मालिका आपल्या भाषेत येतात तेव्हा पडद्यावरच्या प्रत्येकाला आपल्या भाषेतला आवाज द्यावा लागतो. त्याला डबिंग म्हणतात. राजाला आवाज देणारा मोठा कलाकार असतो, राणीला देणारी त्याहून मोठी. पण लढाई लागली की मागे शे-दोनशे बिननावाची माणसं पडत असतात, आणि पडताना त्यांनाही तोंड उघडावं लागतं. ती सगळी माणसं म्हणजे आमचे हे. कोणाच्या गळ्यात बाण, कोणाच्या पोटात तलवार, कोणी तटावरून खाली, कोणी घोड्याखाली. प्रत्येकाचा आवाज वेगळा. गळ्यात बाण बसलेल्या माणसाला ओरडता येत नाही, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मला वाटायचं, वार बसला की माणूस 'आई गं' म्हणतो आणि मोकळा होतो.

त्यांचा स्टुडिओ एका टायरच्या दुकानाखालच्या तळघरात आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुने गालिचे ठोकलेत, पंखा बंद असतो, आणि आत रबराचा आणि घामाचा वास येतो. मधे एक माईक, समोर पडदा, काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा आणि त्याच्या शेजारी डबिंगबाई. काम सगळं तिच्या हुकुमावर चालतं. गर्दीचे चार जण माईकभोवती उभे राहतात आणि मरणं वाटून घेतात. पहिला बाण तुझा, दुसरा माझा, घोडा याचा. हे घरून एक उशी नेतात. पोटात तलवार बसायची वेळ आली की ती उशी पोटावर धरून स्वतःच बुक्की मारून घेतात. तिथे त्यांना सगळे 'शहीद' म्हणतात. शहीद आले का, मग लढाई सुरू करा, असं डबिंगबाई म्हणते म्हणे. याचा आमच्या ह्यांना भारी अभिमान. मला मेलीला लाज वाटायची.

घरी सराव करायचे तो मी न्हाणीघरात ढकलून दिला होता, नळ सोडून. त्याला कारण घडलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे स्वयंपाकघरात तटावरून पडले, आणि वरचे आजोबा अनवाणी धावत खाली आले. सोबत शेजारचा डॉक्टर. मी दार उघडलं तर मागे हे हातात चहाचा कप घेऊन उभे. आजोबा पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं, मीच काहीतरी केलं होतं.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचते. गिऱ्हाईक विचारतं, मिस्टर काय करतात? मी सांगायची, आवाजाच्या क्षेत्रात आहेत. खोटं नव्हतं. पुढचा प्रश्न यायच्या आत मी पुढचं गिऱ्हाईक घ्यायची.

आता माझ्या स्वभावाबद्दल. मी जळकी आहे. लपवून काय करू? सगळ्या जगावर जळत नाही, तेवढा वेळ कोणाला आहे. एकाच घरावर जळते. माझ्या धाकट्या बहिणीच्या.

धाकटी माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती झाली तेव्हा माझी जागा गेली, मग माझी बाहुली गेली, मग माझ्या वाटच्या सगळ्या कौतुकाला ती पुरून उरली. तिच्यात वाईट काही नाही, हेच वाईट आहे. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. तिचा नवरा बसस्थानकावर घोषणा करायचा. 'फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी' वगैरे. आवाज असा की गाडी चुकलेला माणूससुद्धा थांबून ऐकायचा. मी त्यांना मनातल्या मनात फलाटराव म्हणते. बसस्थानकावर यंत्र आलं, घोषणा यंत्र करायला लागलं, आणि फलाटराव घरी बसले. तेव्हा त्यांना हाताला धरून तळघरात कोणी नेलं? आमच्या ह्यांनी. मी नको म्हटलं होतं. हे म्हणाले, "अगं, साडू आहेत. आवाज वाया जातोय त्यांचा."

आवाज वाया गेला नाही. दोन वर्षांत फलाटराव सावकारापासून प्रधानापर्यंत पोचले. मालिकेच्या शेवटी नावं सरकतात त्यात त्यांचं नाव यायला लागलं. आमच्या ह्यांचं नाव सव्वीस वर्षांत एकदाही आलेलं नाही, कारण गर्दीला नाव नसतं. धाकटी फोन करून सांगायची, "ताई, आज नाव बघ हं, तिसऱ्या ओळीत." मी बघायची. डोळे फाडून बघायची. मग दोन दिवस घरात भांडी जोरात वाजायची.

आमच्या ह्यांचा दोष एवढाच की बोलताना त्यांचा आवाज अगदी साधा आहे. मरतात छान, पण वाक्य द्या, की संपलं. 'शत्रूचा निःपात करा' हे ते 'दोन तिकिटं द्या' असं म्हणतात. मी हे त्यांना अनेकदा तोंडावर सांगितलंय. ते हसतात आणि म्हणतात, "खरं आहे." या माणसाला राग येत नाही, म्हणून दोघांचा राग मला एकटीला करावा लागतो.

गेल्या वर्षी ती राजपुतांची मालिका आली. एका किल्ल्याला वेढा पडतो, महिने जातात, धान्य संपतं, आणि शेवटी आतले सगळे वीर केशरी कपडे घालून दरवाजा उघडतात आणि बाहेर पडतात. जिंकायला नव्हे, लढून मरायला. त्या शेवटच्या लढाईसाठी आधीचे सगळे ऐंशी भाग. डबिंगबाईने सांगितलं की यातला म्हातारा किल्लेदार सगळ्यात शेवटी पडतो, एकटा, दरवाज्याला पाठ लावून, आणि त्या भूमिकेसाठी आवाजाची चाचणी होणार आहे. गर्दीतल्यांनाही देता येईल.

हे घरी येऊन सहज बोलावं तसं बोलले. माझा मात्र हातातला रुमाल खाली पडला. मरणारा म्हातारा! ही भूमिका ह्यांची नाही तर कोणाची? शेवटी नाव येणार, ठळक येणार, आणि मी धाकटीला फोन करून सांगणार, बघ हं, पहिल्या ओळीत. एवढंच मला हवं होतं. एकदाच, पण तिच्या टीव्हीवर, तिच्या दिवाणखान्यात.

आठ दिवस मी त्यांना घोकून घेतलं. एकच वाक्य होतं चाचणीला. 'दरवाजा उघडा. आज आपण परत येण्यासाठी निघत नाही.' मी दाराशी दरवान होऊन उभी राहायची, आणि हे म्हणायचे, "दरवाजा उघडा." कुरिअरवाला आलाय असं वाटायचं.

"अहो, किल्ला पडतोय! पोरंबाळं, बायका, सगळं संपलंय! जरा जीव ओता."

"ओततोय."

"कुठे ओतताय? मला दिसत नाहीये."

"मला असं वाटतं," हे म्हणाले, "एवढं सगळं झाल्यावर तो ओरडून बोलणार नाही. दमला असेल गं."

मी कपाळाला हात लावला. दमलेल्याला कोण नाव देतं!

चाचणी झाली. चार दिवसांनी सकाळी फोन वाजला. धाकटी. आवाजावरूनच मला कळलं, तिचा आवाज आनंद झाला की चिरकतो, लहानपणापासून.

"ताई, ह्यांना किल्लेदार मिळाला!"

मला फलाटराव चाचणीला गेलेत हेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अरे वा." तो 'अरे वा' मी कसा म्हटला ते मलाच ठाऊक. घशात माशाचा काटा अडकलेल्या माणसाला कोणी अभिनंदन करायला लावलं तर तो असाच म्हणेल.

हे वर्तमानपत्र बघत होते. मी सांगितलं. म्हणाले, "बरं झालं. त्यांचा आवाज आहे तसा." आणि आडवा तीनचा शब्द विचारला मला. त्या क्षणी मला धाकटीचा, फलाटरावांचा आणि शब्दकोड्याचा, तिघांचाही सारखाच राग आला.

पुढचे काही महिने मी काय काय मनात आणलं ते सांगायला नको, पण एक सांगते. रेकॉर्डिंगच्या आठवड्यात फलाटरावांचा घसा बसला, आणि धाकटीने मलाच दुकानात फोन करून विचारलं, काय देऊ? औषधांच्या चार बाटल्या माझ्यासमोर होत्या. तिसरी घेतली की दिवसभर झोप येते आणि जीभ कोरडी पडते. मी दोन मिनिटं त्या तिसऱ्या बाटलीकडे बघत राहिले. मग पहिलीचं नाव सांगितलं, बरोबर होतं तेच. माया वगैरे काही नाही. बावीस वर्षांत चुकीचं औषध दिलेलं नाही, ती अब्रू आडवी आली.

तीन दिवसांनी फलाटरावांचा आवाज सुटला, घंटेसारखा, आणि शनिवारी त्यांचं शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग झालं. त्याच दिवशी दुपारी आमच्या ह्यांनाही स्टुडिओतून बोलावणं आलं. मी म्हटलं, आलं, गर्दी पाडायची असेल. साडू पुढे मरणार, हे मागे मरणार. हे उशी न घेताच निघाले. मी उशी घेऊन दारापर्यंत गेले, तर म्हणाले, "नको आज."

संध्याकाळी परत आले ते पांढरेफटक. जेवले नाहीत. दिवेलागणीलाच पडून राहिले, आणि पुढचे तीन दिवस गरम पाणी पीत होते, बोलायचं ते खुणेने. मी समजले काय समजायचं ते. शेवटी लागलंच ह्यांना. डोळ्यासमोर साडू तो किल्लेदार करतो आणि आपण मागे केकाटत उभे. माझा जीव तुटला, आणि त्या तुटलेल्या जिवाने मी फलाटरावांना आणखी दोन-चार शेलकी विशेषणं बहाल केली.

मग तो रविवार आला. धाकटीने सगळ्यांना बोलावलं होतं. आमची आई, शेजारची दोन कुटुंबं, फलाटरावांचे बसस्थानकावरचे जुने सोबती. मी जाणार नव्हते. हे म्हणाले, "मला बघायचंय." ह्यांनी कधी काही मागितलेलं नाही, तेव्हा गेले.

धाकटीचा दिवाणखाना आमच्या दोन खोल्यांएवढा. टीव्ही भिंतभर. आई मधल्या खुर्चीत, तिच्या शेजारी फलाटराव, नवा शर्ट घालून, पण गप्प गप्प. मला वाटलं, मोठेपणा. मी मागे स्टुलावर बसले, हे दाराजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तर नको म्हणाले.

भाग सुरू झाला. सांगते खरं ते, पहिला अर्धा तास माझी करमणूक झाली. सहा महिने अन्नाला महाग झालेले वीर, पण एकेकाचे गाल बघा. केशरी पागोटी नुकतीच इस्त्री केलेली. निघायच्या आधी प्रत्येकजण तलवार कपाळाला लावतो, आणि ती लावताना वारा येतो, किल्ल्याच्या आतसुद्धा. आणि बायकांचं काय झालं? त्यांच्या शेवटाला एक धुराचा लोट आणि दोन मिनिटं सनई. पुरुषांच्या शेवटाला बावीस मिनिटं. मी हे मोठ्याने म्हटलं, तर आईने मागे वळून बघितलं, म्हणून गप्प बसले.

मग दरवाज्यापाशी किल्लेदार आला. पांढऱ्या मिशा, एक डोळा बारीक झालेला. 'दरवाजा उघडा.' फलाटरावांचा आवाज दिवाणखान्यात असा घुमला की बसस्थानकावरच्या सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. 'आज आपण परत येण्यासाठी निघत नाही.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगलं म्हटलं होतं हो. काय खोटं बोलू?

लढाई झाली. माणसं पडली. त्यात आमच्या ह्यांची बरीच होती, घोड्याखालचा तर मी लगेच ओळखला. शेवटी किल्लेदार एकटा उरला. अंगात चार बाण, तरी तीन मिनिटं भाषण केलं, माती, मान, पूर्वज, सगळं झालं. मी जांभई दाबली. मग भाषण संपलं. ढोल थांबले. म्हाताऱ्याच्या हातातली तलवार निसटली, आणि तो दरवाज्याला पाठ टेकून हळूहळू खाली बसला.

मग चेहरा जवळून दाखवला, आणि फक्त श्वास. मिनिटभर नुसता श्वास. आधी जोरात, जड ओझं वर आणून टेकवल्यावर चालतो तसा. मग एक अडकला, परत सुटला. त्यानंतर तो श्वास अगदी जपून चालायला लागला, झोपलेलं मूल खाली ठेवताना आपण जपतो तसा, जागं होऊ नये म्हणून. आणि मग ठेवलं गेलं. एवढंच. आवाज नाही, हाय नाही. पुढचा श्वास येईल म्हणून मी वाट बघत राहिले, तो आला नाही.

आईने पदर डोळ्याला लावला. बसस्थानकावरचा एक धटिंगण सोबती नाक ओढत होता. आणि मी रडत होते. हुंदके देऊन, तोंड दाबून रडत होते, आणि रडता रडता फलाटरावांच्या पाठीकडे बघून मला इतका जळफळाट होत होता की मला वाटलं माझा पदर पेटेल, नाहीतर त्यांचा शर्ट तरी. आवाज दिला होता देवाने, तो पुरला नाही? हेसुद्धा यांनाच यायचं होतं? आमच्या घरात एकच गोष्ट होती, एकच, की आमचे हे छान मरतात. तीसुद्धा त्या घरात गेली.

नावं सरकली. फलाटरावांचं नाव दुसऱ्याच ओळीत. सगळे उठले, त्यांचे हात धरायला लागले. आई म्हणाली, "जावईबापू, रडवलंत." फलाटराव जमिनीकडे बघत होते.

मी उठून दाराशी गेले. ह्यांना बाहेरच्या जिन्याकडे ओढलं, आणि जे बोलले ते मला जन्मभर पुरेल.

"बघितलंत? असं मरतात! सव्वीस वर्षं तुम्ही नुसते केकाटत राहिलात. असं एकदा, एकदा तरी जमलं का तुम्हाला?"

हे माझ्याकडे बघत राहिले. माझे गाल ओले होते, नाक लाल झालं असणार. मग हळूच हसले आणि म्हणाले, "हो. चांगलं झालंय खरं." त्या हसण्याने मी आणखीच भडकले आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले.

धाकटी ओट्यापाशी कप विसळत होती, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, आता शिष्टाचार उरकून घ्यावा. "अभिनंदन गं. बाकी काही म्हण, शेवटचं ते तुझ्या नवऱ्याने केलं तसं कोणाला जमणार नाही." एकेक शब्द दाढेखालून काढून दिला मी.

धाकटीने कप खाली ठेवला. वळली. तिचे डोळे माझ्याहून लाल.

"ताई, तू मुद्दाम बोलतेस का? मी आधीच मेल्याहून मेल्यासारखी झालेय."

"का? काय झालं?"

"ते भावोजी होते."

"कोण?"

"शेवटचा श्वास. तो ह्यांचा नाही. भावोजींचा आहे." मग माझं तोंड बघून ती दचकली. "तुला माहीत नव्हतं? तुला कळलं नाही?"

धाकटी सांगत होती. फलाटरावांना तो श्वास जमेना. चौदा वेळा केला. मूळ मालिकेत त्या श्वासावरही ढोल चालूच आहेत, आपल्यात ते काढले, त्यामुळे तिथला श्वास उचलून घेता येत नाही, नवाच द्यावा लागतो. आणि फलाटराव प्रत्येक वेळी असे मरायचे की गाडी फलाटावरून सुटल्याची घोषणा वाटावी. शेवटी डबिंगबाईने आमच्या ह्यांना बोलावलं. ह्यांनी एकदाच केला. मग बराच वेळ तिथेच खाली बसून राहिले. तळघरातला नियम आहे, भूमिका ज्याची, मरणही त्याचंच. दुसऱ्याने श्वास उसना दिला तर देणाऱ्याने बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. फलाटरावांनीही घरी सांगितलं नव्हतं.

"मग तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ऐकलं आणि कळलं. आत्ता बाहेर ह्यांना विचारलं तर मान खाली घातली."

"कळलं म्हणजे काय? तुझ्या नवऱ्याचा नाही हे कळलं असेल. आमच्या ह्यांचा आहे हे कसं कळलं?"

धाकटी डोळे पुसत म्हणाली, "अगं, आमचे तीन जिने. भावोजी येतात तेव्हा लगेच बेल वाजवत नाहीत. दाराबाहेर उभे राहतात, दम खातात. एक मोठा श्वास, मग एक अडकतो, मग हळूहळू निवतात. मग बेल. मी आत असते, मला बेलच्या आधीच कळतं भावोजी आले ते. कधीपासून."

बाहेर कोणीतरी फलाटरावांना ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगत होतं. ते म्हणत नव्हते.

आम्ही चालत घरी निघालो. दुकानं बंद होत होती, शटर खाली येत होती. बराच वेळ मी काही बोलले नाही, आणि हे माझ्या न बोलण्याला सरावलेले नसल्याने सारखे माझ्याकडे बघत होते. चौकात सिग्नल लागला तेव्हा मी म्हटलं, "धाकटीने सांगितलं मला."

"तिला कसं कळलं?" हे खरोखर चमकले.

"ते जाऊ द्या. तुम्ही का नाही बोललात? तिथे, जिन्यात? मी काय वाट्टेल ते बोलले तुम्हाला!"

"नियम आहे," हे म्हणाले. मग म्हणाले, "आणि तू रडत होतीस. सव्वीस वर्षांत मी मेल्यावर कोणी रडलेलं मी पाहिलं नव्हतं. काचेपलीकडचे लोक नुसता अंगठा दाखवतात. आज तू रडत होतीस. मधेच कसं थांबवणार?"

"पण मला वाटलं, मी तुमच्या साडूंसाठी रडतेय," मी म्हटलं.

"वाटू दे ना," हे म्हणाले. "रडलीस तर खरी."

सिग्नल सुटला. आम्ही रस्ता ओलांडला. मी त्यांचा दंड धरला, भर रस्त्यात, जे मी लग्न झाल्यापासून केलं नव्हतं. त्यांनाच लाजल्यासारखं झालं.

फलाटरावांवरचा माझा राग त्या रस्त्यावरच गेला. नाव येऊ दे त्यांचं पहिल्या ओळीत, माझं काही म्हणणं नाही. बिचारे चौदा वेळा मेले आणि एकदाही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून लवकर आले. आमचेही दोन जिने आहेत, पण ह्यांच्याकडे किल्ली असते, आणि त्या वेळी मी आतल्या खोलीत रेडिओ लावून बसलेली असते. त्या दिवशी रेडिओ लावला नाही. दाराच्या आत, चपलांच्या शेजारी उभी राहिले. पावलं आली, थांबली. एक मोठा श्वास. एक अडकला. मग हळूहळू निवला. माझ्या हाताच्या अंतरावर, लाकडापलीकडे. मग किल्ली फिरली, आणि मला तिथे उभी बघून हे म्हणाले, "काय गं, कुठे निघालीस?"

कुठे नाही, म्हटलं. हे आत गेले, हातपाय धुवायला. मी तिथेच उभी राहिले, आणि सांगते, पोटात असं काही जळलं की त्यापुढे नाव, टीव्ही, फलाटराव, सगळं काहीच नव्हतं. इतकी वर्षं हे माझ्या दारात येऊन थांबत होते, आणि ते ओळखत होती धाकटी.